कोळपे सरांची भिंत आणि आबांचा तांब्या

श्री. मारुती कोळपे सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. हे गौरवग्रंथात लिहावे का, असे संपादकांनी मला जरा चाचरतच विचारले. मी म्हटले, लिहिणारच. भांडणाशिवाय झालेली ओळख आमच्या दौंडमध्ये फार दिवस टिकत नाही.

मी शाळेत मराठी शिकवत होते आणि फाटकाजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणे माझ्याकडे होते. कोळपे सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून नवे रुजू झाले आणि मुख्याध्यापकांनी ते काम त्यांच्याकडे दिले. दुसऱ्याच दिवशी पाहते तर माझा चांगला चार ओळींचा सुविचार कापून त्याचे मोजके शब्द उरलेले, आणि प्रत्येक अक्षर वीतभर मोठे. मी तणतणत चित्रकलेच्या खोलीत गेले. सरांनी वाद घातला नाही. खडूचे हात पुसले आणि मला फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभे केले. मुलांना सोडायला आलेले आईबाप तिथेच थांबायचे.

"बाई, ही माणसं फाटकाच्या आत येत नाहीत, बुजतात. त्यांना इथून वाचता आलं पाहिजे. तुमच्या चार ओळी इथून दिसल्या असत्या का?"

नसत्या दिसल्या. मी तरी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हार मानायला मला तेवढा वेळ लागतोच.

सर मूळचे खुटबावचे. त्यांचे आजोबा मेंढरे घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असत. वडिलांनी मेंढरे विकून शेती धरली आणि मुलाला शाळेत घातले. सर रोज शटल रेल्वेने दौंडला येत. शटलमध्ये त्यांच्या हाती पेन्सिल असे आणि मांडीवर जुन्या वर्तमानपत्राचा कागद. समोर बसलेल्या माणसाचे नाक किंवा पागोटे त्यावर उतरलेले असे. पुष्कळ वेळा तो माणूसच उतरताना तो कागद मागून घेऊन जाई. तालुक्यात कितीतरी देवळांच्या कमानी, सोसायट्यांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती सरांनी केल्या. बिरोबाच्या देवळाचे काम करतानाही आणि पतसंस्थेची पाटी लिहितानाही त्यांचा पहिला प्रश्न एकच असे : हे कोण, कुठून वाचणार? दुसरा प्रश्न असे, ऊन कोणत्या बाजूने येते.

या दोन प्रश्नांमुळेच मी त्यांचे नाव आमच्या चर्चच्या समितीत सुचवले.

चर्चची पश्चिमेकडची भिंत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर येते. तिच्यावर 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ही बायबलमधल्या स्तोत्राची पहिली ओळ लिहिलेली असे. दर नाताळाच्या आधी पेंटर बोलवायचा, त्याने ऑइलपेंटने ती ओळ घोटून काढायची, उन्हाळ्यात ती विटायची आणि पावसाळ्यात तिचे पापुद्रे निघायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. त्यांना हे बिलकूल पसंत पडले नाही. ते म्हणाले, "देवाचं वचन सर्वकाळ टिकतं असं आपण आत सांगतो आणि बाहेर ते दसऱ्यापर्यंत टिकत नाही. लोक काय म्हणतील?" अक्षरांबरोबर चित्रही हवे आणि दोन्ही ऊनपावसाला पुरून उरले पाहिजेत, असे ठरले.

कोळपे सरांनी होकार दिला. पाळकसाहेबांनी त्यांना कॅलेंडरवरचे एक चित्र नमुन्यादाखल दिले. त्यात हिरवीगार कुरणे होती आणि कापसाच्या गोळ्यांसारखी पांढरीशुभ्र मेंढरे. सर ते चित्र बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही मेंढरं आपल्याकडं चैत्रातच मरतील." त्यांनी काढली ती आपली काळी, अंगाने काटक, लोंबत्या कानांची मेंढरे. मेंढपाळाच्या खांद्यावर घोंगडी, मागे बाभळ, पुढे पाणी. समितीत कुरबुर झाली. काळी मेंढरे चर्चवर कशी, असे कुणीतरी विचारले. पाळकसाहेब हसून म्हणाले, "ज्याच्या घरात मेंढरं होती त्याला आपण मेंढरं शिकवायची का?" विषय तिथे संपला.

आता आबांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय ही हकीगत पुढे जात नाही. यशवंत साळवे हे रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांनी चर्चच्या फुलझाडांना आणि नाताळच्या पंगतीला हयातभर डोक्यावरून पाणी वाहिले. त्या गेल्या तेव्हा आबांनी चर्चच्या आवारात बोअर पाडून दिली. पाणी लागले त्या दिवशी आबा लोखंडी पाइपाला मिठी मारून ढसाढसा रडले, ते मी पाहिले आहे. बोअरच्या ओट्यावर मार्थाबाईंच्या नावाची लहानशी फरशी आहे. त्या पाण्याला आबा 'मार्थाचं पानी' म्हणत. त्यांच्या देखत कुणी नुसते 'बोअरचं पाणी' म्हटले तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

साहजिकच भिंतीच्या कामाला तेच पाणी वापरायचे ठरले. खरे तर ठरवले कुणीच नाही. आबा पहिल्याच सकाळी खुर्ची टाकून बसले, मोटार चालू केली आणि गवंड्याचे पिंप स्वतःच्या हाताने भरले. सरांनी नवे प्लास्टर करून घेतले, सिमेंटची उठावाची अक्षरे घडवली आणि त्यांवर बाहेरच्या कामाचा उत्तम रंग दिला. नाताळात भिंत उघडली तेव्हा रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या होत्या.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला लोणा फुटला. आधी पांढरी भुकटी, मग फोड, मग रंगाचे पोपडे. दिवाळीपर्यंत अक्षरांच्या कडा ढासळल्या आणि मेंढपाळाचे तोंड गेले. ऑइलपेंटची अक्षरे पापुद्रे निघाले तरी नाताळपर्यंत निदान वाचता येत. ही त्याआधीच गेली.

गावाला बोलायला विषय मिळाला. काहींनी जातीवर बोट ठेवले, काहींनी धर्मावर. 'हात परका, म्हणून भिंतीनं धरलं नाही' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आणि म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सुनावलेही. पण बोलणारी तोंडे पुष्कळ होती. एका साखर कारखान्याच्या प्रवेशद्वाराशेजारची मोठी भिंत सर करणार होते, आराखडा मंजूर झाला होता. तिथून निरोप आला की सध्या थांबा. सर शाळेत नेहमीसारखे येत, शिकवत, हसत. फक्त स्टेशनवरून येताना त्यांनी चर्चचा रस्ता सोडला आणि मागच्या गल्लीने येऊ लागले. ते पाहून मला फार वाईट वाटे. त्यांचे नाव मीच सुचवले होते.

एका शनिवारी चर्चमध्ये महिलांचा मेळावा होता. जेवणाची तयारी चालली होती. सर भिंत तपासायला आले होते. आम्ही बायका रेल्वे क्वार्टरमधून हंडे-कळशा भरभरून आणत होतो. सरांनी मला थांबवले.

"बाई, आवारात बोअर असताना हे पाणी कशाला वाहता?"

मी आजूबाजूला पाहिले. आबा जेवायला घरी गेले होते. मी हळू आवाजात सांगितले, "सर, बोअरचं पाणी मचूळ आहे. त्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो. पहिल्याच नाताळात कळलं. पण आबांना कोण सांगणार? ते जेवायला गेले की आम्ही पटकन बाहेरून आणतो."

ही गोष्ट आमच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होती. कुणी ती मोठ्याने बोलत नव्हते, इतकेच. डाळीला जे पाणी चालत नाही ते सिमेंटला तरी कसे चालेल, हा विचार आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नव्हता. सरांनी भिंतीवरची पांढरी भुकटी नखाने खरवडून जिभेवर ठेवली. मग बोअरच्या नळाखाली ओंजळ धरली आणि एक घोट घेतला. मला वाटले, आता हे संतापणार. त्यांचा हक्कच होता. सर खळखळून हसले.

"डाळीला कळलं, बाई, पण मला न्हाई कळलं!"

हसू ओसरल्यावर ते बोअरच्या ओट्याकडे, मार्थाबाईंच्या फरशीकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "हे इथंच ऱ्हाऊ द्या. आबांच्या कानावर जाता कामा नये."

"आणि तुमचं नाव?" मी विचारले. "कारखान्याचं काम गेलं तुमचं."

"काम काय, दुसरं मिळंल. त्यांना दुसरी मार्थाबाई मिळणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी समितीसमोर सर उभे राहिले आणि म्हणाले की प्लास्टरमध्ये चूक झाली, ती माझी आहे, आणि मला भिंत पुन्हा करू द्यावी. एवढेच. पाण्याचा 'प'सुद्धा त्यांनी काढला नाही. आबा पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून म्हणाले, "चुकी कबूल करतो त्यो मानूस खरा. द्या त्यास्नी भिंत." मी मान खाली घालून पदराशी चाळा करत बसले. सरांनी माझ्याकडून वचन घेतले होते.

दुसऱ्या वेळी सरांनी रंग हा प्रकारच बाद केला. दुकानातली फुटकी ग्लेजची फरशी, जिचा रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, तिचे तुकडे बसवायचे असे त्यांनी ठरवले. शनिवारी शाळा सुटली की ते एस.टी.ने शिरूरला जात. तिथल्या फरशीच्या दुकानांतून फुटका माल पोत्यात भरून आणत आणि रंगांप्रमाणे ढीग लावत. जुने प्लास्टर विटांपर्यंत खरवडून काढले. भिंत गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली आणि हिवाळाभर वाळू दिली.

खरी अडचण होती ती पाण्याची. आबा रोज सकाळी खुर्ची टाकून हजर, मोटार चालू, पिंप भरलेले! सरांनी वरवंडहून दोन गवंडी आणले आणि त्यांच्या टेम्पोतून वरवंडच्याच विहिरीच्या पाण्याची बंद पिंपे येऊ लागली. पहिल्याच दिवशी आबांनी विचारले, "ह्ये काय आणलं?"

"केमिकल हाय, आबा," सर म्हणाले.

"कारखान्यातलं?"

"व्हय. लई कडक. हात लावू नका."

"आन् मार्थाचं पानी?"

"त्येच्यात मिसळल्याबिगर ह्ये चालत न्हाई, आबा. तुम्ही आपलं पिंप भरून ठिवा."

आबा खूश झाले. सारा जन्म इंजिनावर गेलेला माणूस. केमिकल म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटे. ते रोज इमानाने पिंप भरत आणि ते जेवायला गेले की गवंडी ते पाणी आवारातल्या नारळांना घालत. त्या वर्षी नारळांनी असे काही बाळसे धरले की विचारू नका. खोटे कधी न बोलणारे आमचे सर उन्हाळाभर दिवसातून एकदा न चुकता खोटे बोलत होते. पाळकसाहेबांच्या कानावर हे गेले असते तर त्यांनी कोणते प्रवचन केले असते कोण जाणे.

चित्रातल्या पाण्यासाठी निळे तुकडे होते. ते बसवायला सरांनी आबांनाच बोलावले. "पाण्याचं काम तुमचं," ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरत, तुकडा तिरका बसे. सरांनी एकही सरळ केला नाही. आज त्या निळ्या पट्ट्यात जी हालचाल दिसते ती या तिरक्या तुकड्यांची आहे.

ती भिंत आज दहा-बारा पावसाळे झाले तरी तशीच उभी आहे. धूळ बसते, पाऊस ती धुऊन नेतो, आणि अक्षरे पुन्हा रस्त्यापलीकडून वाचता येतात. सुगीनंतर मेंढरे घेऊन जाणारे लोक तिथे थांबतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला मी सोबत्याला म्हणताना ऐकले, "आरं, ही तर आपलीच मेंढरं हायत की!" त्यांना वर लिहिलेली ओळ वाचता येत होती की नाही, मला माहीत नाही. मेंढपाळ मात्र त्यांनी ओळखला.

सरांच्या इतर चांगुलपणाविषयी लिहायचे तर वेगळा ग्रंथ काढावा लागेल. एकच सांगते. माझे यजमान आजारी पडले आणि मला पुण्याच्या दवाखान्यात राहावे लागले, तेव्हा माझे मराठीचे तास सरांनी घेतले. व्याकरण त्यांना येत नव्हते, ते त्यांनी वर्गाला आधीच सांगून टाकले. मग कवितांची चित्रे काढून घेतली. परत आल्यावर मी परीक्षा घेतली, तर मुलांना फक्त त्याच कविता पाठ होत्या. यजमान बरे झाले याचा आनंद होताच. पण या गोष्टीचा थोडा हेवाही वाटला, तो अजून आहे.

दुसरी भिंत टिकली तरी पहिलीचा डाग मात्र सरांच्या नावावरून गेला नाही. कारखान्याचे काम परत आले नाही. 'दुसऱ्यांदा जमलं बुवा मास्तरांना' असेच लोक म्हणत राहिले. निवृत्तीच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी त्यावर विनोद केला आणि सर्वांबरोबर सरही हसले. या ग्रंथातल्या परिचयाच्या पानावरही 'सुरुवातीच्या अपयशाने न खचता' असे शब्द होते. ते वाचले आणि माझा तोल गेला. मी संपादकांना म्हटले, ते वाक्य काढा, मी लिहिते. सर, तुम्हाला दिलेले वचन मी इथे मोडत आहे. रागावायचे असेल तर खुशाल रागवा. पण का मोडते आहे ते वाचल्यावर रागवा.

दुसरी भिंत झाल्यापासून दर नाताळाला सर चर्चमध्ये येत. उपासना संपली की आबा बोअरच्या ओट्यापाशी तांब्या घेऊन उभे असत. सर तो तांब्या दोन्ही हातांनी घेत आणि एका दमात रिकामा करत. मचूळ पाणी तोंडात जाणार म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी डोळे मिटलेले मी पाहिले. मग डोळे उघडले. म्हणाले, "आबा, पाणी सुधारलं बरं का!" आबा म्हणाले, "मार्थाला सांगतो." पुढे दर वर्षी हेच दोन उद्गार होत. नंतर शाळेत भेटले की सर मला म्हणत, "बाई, बोअरचं पाणी खरंच गोड झालं हो. झरा बदलला असेल."

सर, झरा बिरा काही बदलला नव्हता. तो तांब्या आमच्या घरच्या नळाचा होता. दर वर्षी मीच तो भरून, झाकून, आबांच्या खुर्चीमागे ठेवत होते.

त्या पहिल्या नाताळच्या आदल्या दिवशी आबा आमच्या दारात आले. म्हणाले, "बाई, उद्या मास्तरास्नी पानी द्यायचं हाय. एक तांब्या तुमच्या नळाचा द्या." मी चपापले. म्हटले, "आबा, बोअर आहे की." आबा पायरीवर बसले.

"भर उन्हात त्यो वरवंडचा गवंडी गटागटा केमिकल पीत हुता. मी फाटकातून बघितलं. मंग गेलो आन् झाकन काढून चाखून बघितलं. गोडं पानी. तवा सगळं उमगलं. भिंत कशानं गेली, डाळीचं पानी तुम्ही बाया बाहेरनं का आनता, समदं. मास्तर माझ्यापायी समद्या गावात खाली मान घालून बसला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसा बोलू? त्यानं येवढं नटवून-थटवून खोटं उभं केलं, माझ्या मार्थासाठी. त्ये मी मोडू व्हय? तुम्ही बी मास्तरास्नी सांगू नगा, शपथ हाय."

आणि म्हणून आबा, सगळे माहीत असताना, काम संपेपर्यंत रोज सकाळी मोटार लावून ते पिंप भरत राहिले. नारळांना जाणारे पाणी आपल्याच हाताने. निळे तुकडे त्यांनी बसवले तेही हे कळल्यानंतरच.

मी मात्र दोन्हीकडच्या शपथा पोटात घेऊन इतकी वर्षे बसले. नाताळच्या दिवशी दोघांच्या मधे उभी राहून तो तांब्या इकडून तिकडे जाताना पाहणे म्हणजे काय, ते माझे मलाच माहीत.

आबा गेल्या वर्षी गेले. जायच्या थोडे आधी मी भेटायला गेले होते. आवाज खोल गेला होता. म्हणाले, "मी हाय तवर गप ऱ्हा. मी गेल्यावर मास्तरला सांग, मला ठावं हुतं म्हनून. आन् गावाला बी सांग, भिंत त्यानं न्हाई घालवली. पर उशीर लावू नको, बाई. मानूस हाय तवरच सांगावं. मी मार्थाला लई सांगायचं ठिवलं हुतं, ऱ्हाऊन गेलं."

म्हणून हा लेख. पहिली भिंत कोळपे सरांमुळे गेली नाही, हे दौंडकरांनी आणि शिरूर-खुटबावच्या सर्वांनी आता ऐकावे. पाण्यामुळे गेली, आणि आम्ही सगळे गप्प बसलो म्हणून गेली. सरांनी मात्र तो डाग एका म्हाताऱ्याच्या सुखासाठी आपल्या अंगावर घेतला आणि पुन्हा झटकला नाही. त्या म्हाताऱ्याला ते ठाऊक होते. सर, तुमचे ते केमिकल वाया गेले नाही.

तुम्ही साठ पूर्ण केलीत. डोळे शाबूत राहोत, हात स्थिर राहोत, शिरूरहून पोती उचलून आणण्याइतकी पाठ ताठ राहो आणि शंभरी गाठेपर्यंत शटलमध्ये तुमच्यासमोर बसणाऱ्याचे नाक तुमच्या कागदावर उतरत राहो. स्टेशनवरून येताना आता चर्चच्याच रस्त्याने या. नाताळला आबांच्या जागी तांब्या घेऊन मी उभी असेन. पाणी नळाचे असेल, हे आधीच सांगते. त्यात घोटभर बोअरचे मात्र घालीन, मार्थाबाईंचे म्हणून. तेवढ्याने चहासुद्धा फाटत नाही.

— सुमती गायकवाड, दौंड